गिरगावातली खाद्यफेरी: पाहुणे परत यावेत तर क्रम काय ठेवावा?

प्रश्न: परगावचे सहाजण, तीन तास. थालीपीठ, साबुदाणा वडा, मिसळ, पियूष. सुरुवात कशाने?

उत्तर १: मिसळीने अजिबात नको. तर्रीने जीभ बधिर झाली की थालीपिठातली भाजणी कळतच नाही. आधी थालीपीठ-लोणी, मग वडा, दोघांत एक प्लेट. मिसळ तिसरी, तर्री वेगळ्या वाटीत मागा.

उत्तर २: शेवट पियूषनेच. अनुभवाचा कळस आणि शेवट जास्त लक्षात राहतो, असं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचं संशोधन सांगतं. पुढची सहल त्याच आठवणीवर ठरते. म्हणून पैशांचा हिशेब, टॅक्सीची शोधाशोध आधीच उरका. ओठांवर पियूषचा जायफळी फेस असताना हिशेब काढलात, तर तोच लक्षात राहील!

उत्तर ३: वडा कढईतून निघाला की लगेच खा. बांधून घेतलात तर वाफेने मऊ पडतो, गार झाला की चिवट. संकष्टी टाळा, उपवासवाल्यांची गर्दी असते.