‘वापरकर्त्यांचे प्रतिनिधी’ की ‘प्रातिनिधिक वापरकर्ते’?

वेलांटी
एका ॲपच्या यूजेबिलिटी टेस्टिंगचा, म्हणजे लोकांना ॲप वापरायला देऊन ते कुठे अडतात हे बघण्याचा, आराखडा मराठीत करतेय. कोणाला बोलवायचं, कोणती कामं द्यायची, टिपणं कोणी घ्यायची वगैरे. मी ‘प्रातिनिधिक वापरकर्ते’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘वापरकर्त्यांचे प्रतिनिधी’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘प्रातिनिधिक हे विशेषण कथा-कवितांना लागतं, माणसांना नाही.’ खरंच लागत नाही? आणि यूजेबिलिटीला तुम्ही काय म्हणता? उपयुक्तता, सुलभता, वापरसुलभता, सगळंच दिसतं.

पायमोड
शेरा फक्कड आहे, पण दुरुस्ती घातक. प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. एका कार्यालयाला आम्ही ‘वापरकर्त्यांचे पाच प्रतिनिधी पाठवावेत’ असं पत्र दिलं होतं. आले कोण, तर चार विभागप्रमुख आणि कर्मचारी संघटनेचे सचिव. दिवसभर नोंदी करणारी मंडळी आपापल्या टेबलाशीच. साहेबांनी माउसला हात लावला नाही. ‘आमच्या लोकांना हे जड जाईल’, ‘त्यांना मोठी अक्षरं आवडतात’ अशी मतं मात्र भरभरून दिली. आम्हाला मतं नको होती, काम करताना माणूस कुठे अडतो ते बघायचं होतं.

ओळंबा
उपयुक्तता तर अजिबात नको. एखादी गोष्ट अतिशय उपयुक्त असून वापरायला छळवादी असू शकते. आयएसओ ९२४१-११ या मानकात (१९९८, सुधारित २०१८) जी व्याख्या आहे तिचा मथितार्थ असा: ठरावीक वापरकर्त्यांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्टं कितपत परिणामकारकतेने, कार्यक्षमतेने आणि समाधानाने गाठता येतात. सगळा भर ‘ठरावीक’वर आहे. ‘सुलभ’ म्हटलं की ते कोणासाठी, हा प्रश्नच गळून पडतो.

काकपद
‘उपयोज्यता’. संस्कृत धातू, मराठी प्रत्यय, अर्थ नेमका. शिवकाळात राज्यव्यवहारकोश होऊ शकतो आणि आपल्याला एक शब्द रुजवता येत नाही?

जुना टंकलेखक
‘ता’ हा मराठी प्रत्यय कधी झाला, ते सांगा आधी. आणि राज्यव्यवहारकोशातले किती शब्द आज तुमच्या तोंडी आहेत? अर्ज, हरकत, जमीन, हिशेब सगळे फारसी-अरबी अजून ठाण मांडून बसलेत.

शेकडा
मी आकडेशास्त्रवाला, त्यामुळे ‘प्रातिनिधिक’लाच माझी हरकत. (अरबी असली तरी घेतो.) आमच्याकडे प्रातिनिधिक नमुना म्हणजे ज्यावरून सगळ्या समूहाबद्दल अनुमान काढता येईल असा. पाच माणसं बोलावून त्यांना प्रातिनिधिक म्हणायचं? शक्य नाही.

ओळंबा
पाच आकडा अनुमानासाठी नाहीच. नील्सन आणि लँडावर या यूजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित असं: एका माणसाला एखादी अडचण येण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी निदान एकदा तरी दिसतात. म्हणून नील्सन पुढे म्हणतो की पंधरा जण मिळाले तर एकदम बसवू नका. पाच जण, दुरुस्ती, पुन्हा पाच, अशा तीन फेऱ्या करा. ‘शेकडा किती लोकांना जमलं’ हे त्या पाचांवरून सांगायचं नसतंच.

शेकडा
आणि ३१ टक्के प्रत्येक ॲपला लागू? अडचण विरळा असेल, समजा दहातल्या एकालाच येणारी, तर पाचांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्के. हे कोणी सांगत नाही.

वेलांटी
गणित ठीक, पण शब्द कोणता ठेवू? ‘नमुना वापरकर्ते’?

जुना टंकलेखक
‘काय एकेक नमुने आलेत!’ असं टिपणं घेणाऱ्याने नुसतं मनात म्हटलं तरी त्याच्या तोंडावर दिसेल. नको.

मधली सुट्टी
मी हे काम रोज करते. माझ्या आराखड्यात ‘ज्यांना हे रोज वापरायचं आहे असे लोक’ असंच असतं. लांबलचक आहे, पण पत्र वाचून चुकीचा माणूस येत नाही. कस लागतो तो आधीच्या चाळणी प्रश्नांत. ‘तुम्हाला ऑनलाइन अर्ज भरता येतो का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘शेवटचा अर्ज कधी भरला होता?’ असं विचारा आणि क्रियापदाकडे कान द्या. कोणी म्हणतो ‘भरला’, कोणी म्हणतो ‘भरून घेतला’. मग ‘कोणाकडून?’ म्हटलं की पुतण्याचं नाव येतं. चाचणीला आता पुतण्याला बोलवायचं की काकांना, हे ॲप कोणासाठी आहे त्यावर ठरतं. एवढी सोय मराठीत आहे, वापरा की.

आणि ‘चाचणी’ या शब्दाचा घोळ कोणीच काढला नाही? निमंत्रणात ‘चाचणी’ वाचलं की लोकांना घटक चाचणी आठवते. एक बाई चष्मा, वही, दोन पेनं घेऊन आल्या होत्या आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाल्या, ‘माझा काही अभ्यास झालेला नाही.’ ‘परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे’ हे वाक्य सुरुवातीला म्हणतोच आम्ही, पण पत्रातल्या शब्दाने भीती आधीच घातलेली असते. त्यामुळे माणूस अडला तरी अडलो म्हणत नाही, ‘येतंय, येतंय’ म्हणत राहतो.

पायमोड
मग ‘चाचपणी’ म्हणा. अर्धवट आराखड्यावर अंदाज घ्यायचा ती चाचपणी, तयार मालावर मोजमाप करायचं ती चाचणी. दोन्ही ‘चाचपणे’वरूनच आले असणार.

काकपद
‘असणार’ म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ‘प’ गेला कुठे? मला हे दोन वेगळे शब्द वाटतात.

जुना टंकलेखक
आणि चाचपणी राजकारण्यांनी नासवली आहे. उमेदवारीची चाचपणी, युतीची चाचपणी. ॲप निवडणूक लढवतंय असं वाटेल.

अनुनासिक
नाटकवाल्यांना विचारा. आधी एका माणसावर करून बघायची ती ‘रंगीत तालीम’. काम करता करता मनातलं मोठ्याने बोलायचं ते ‘स्वगत’. समोर बसणारा ‘सूत्रधार’.

मधली सुट्टी
रंगीत तालीम आजच उचलली. ती टाळली की कामाच्या कागदावरची चूक पहिल्या खऱ्या माणसापुढे उघडी पडते आणि त्याचा तास वाया जातो. स्वगत चालेल, पण लोकांना सांगताना ‘मनात जे येईल ते बोलत राहा’ एवढंच म्हणा. सूत्रधार मात्र नको हो. सूत्रं हलवायची नाहीत, हेच तर त्या माणसाचं काम. ‘इथे दाबू का?’ विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणून गप्प बसायचं. ते गप्प बसणं भल्याभल्यांना जमत नाही.

वेलांटी
कामाचा कागद म्हणजे टास्क ना? त्याला ‘कार्य’ म्हणू, ‘कृती’ की ‘कामगिरी’?

मधली सुट्टी
‘काम’. पण शब्दापेक्षा वाक्य जपा. ‘नोंदणी रद्द करा’ असं कागदावर लिहिलंत आणि बटणावरही तेच असेल, तर माणूस अक्षरं जुळवतो. ‘ठरलेल्या दिवशी तुम्हाला जाता येणार नाही. काय कराल?’ असं लिहा, मग तो खरोखर शोधतो. मराठी बटणांची गंमत तिथेच कळते. एका पडद्यावर ‘परत करा’ होतं. बनवणाऱ्यांच्या मनात ‘पुन्हा करा’. एक आजोबा बोट अधांतरी धरून बसले आणि म्हणाले, ‘मी घेतलंय काय, जे परत करू?’

काकपद
म्हणून ‘पुनश्च’.

पायमोड
पुनश्च बघून आजोबा पत्राच्या शेवटी ता. क. शोधतील.

ओळंबा
‘परत जा’ही तसंच. पुन्हा जा की माघारी जा? सरळ ‘मागे’ लिहावं.

अनुनासिक
मागे म्हणजे पूर्वी. ‘मागे एकदा आलो होतो.’

जुना टंकलेखक
आणि ‘तो रोज उसने मागे.’

काकपद
तो रीतिभूतकाळ आहे. बटणावर रीतिभूतकाळ कोण वाचेल?

मधली सुट्टी
बसवून बघू.