कठीण भाषेबद्दल थोडं

बायबलमधल्या शास्त्रभागाची भाषाच इतकी जड की रोज अध्याय वाचूनही आचरणात काही उतरत नाही, अशी तक्रार ऐकू येते. भाषेची अडचण खरी आहे. पंडिता रमाबाईंनाही ती जाणवली होती. केडगावला त्यांनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमधल्या साध्यासुध्या बायांना कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं. छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणं, छपाई हे सगळं तिथल्याच मुली-बायकांनी केलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. दुष्काळातून आलेल्या मुलींनी वचन आधी हातांनी जुळवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण सगळंच काही कठीण नसतं हो. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकात (19:13) सरळ लिहिलंय, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. माझी आई या एका ओळीवर चालली. घरात गवंडी असो की धुणंभांडी करणाऱ्या मावशी, पैसे त्याच संध्याकाळी, आमच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या आधी. सुटे नसले तर मला दुकानात पिटाळायची, आणि मी परत येईपर्यंत प्रार्थना थांबायची.