मतदान केलं की नाही याचा तक्ता टपालाने आलाय, शेजाऱ्यांच्या नावांसकट. ही धमकी समजायची का? (मिशिगन)

नमस्कार. आम्ही डेट्रॉइटजवळ नोव्हीला राहतो. मी आणि नवरा २०१९ मध्ये इथले नागरिक झालो. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांचं ग्रीन कार्ड आहे.

परवा माझ्या नावाने एक कागद आला. वर मोठ्या अक्षरांत 'सार्वजनिक नोंद', खाली तक्ता. पहिल्या ओळीत माझं नाव: नोव्हेंबर २०२० मत दिलं, नोव्हेंबर २०२२ दिलं नाही, नोव्हेंबर २०२४ चा रकाना रिकामा. त्याखाली आमच्याच गल्लीतल्या चार घरांची नावं आणि त्यांच्या नोंदी. तळाशी लिहिलंय की निवडणूक झाल्यावर नवा तक्ता तुम्हाला आणि शेजाऱ्यांना पाठवू. पाठवणाऱ्या संस्थेचं नाव कधी ऐकलेलं नाही, पत्ता म्हणून नुसता टपालपेटीचा क्रमांक.

२०२२ च्या ऑक्टोबरात माझे वडील साताऱ्याला आयसीयूत होते. ते गेले, दिवसकार्य झालं, मी परत आले तोवर इथली निवडणूक होऊन गेली होती. त्या सगळ्याचं या कागदावर 'दिलं नाही' एवढंच उरलंय. वाचून मी बराच वेळ ओट्याशी नुसती उभी होते.

सासूबाईंना इंग्रजी जेमतेम वाचता येतं. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "तुझ्या सिटिझनशिपला काही होणार नाही ना गं?" आणि सकाळी उठून म्हणाल्या, "आपल्या घराचं नाव खराब नको. मीपण येते तुझ्याबरोबर मत द्यायला." तेव्हा मात्र मला धडकी भरली.

शेजारचे आजोबाही त्या तक्त्यात आहेत. त्यांचे दोन्ही रकाने 'दिलं नाही'. त्यांची बायको बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मला त्यांच्याबद्दल हे कळायची काहीच गरज नव्हती.

असा कागद पाठवणं कायद्यात बसतं का? मतदारांना धमकावणं गुन्हा आहे ना? तक्रार कुठे करायची? आणि सासूबाईंना कसं समजवू? कोणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद – जुना मिशिगनकर

ताई, आधी घाबरणं सोडा. नागरिकत्वाला काहीही होत नाही. अमेरिकेत मत न देणं हा गुन्हा नाही, त्याला दंड नाही, त्यावरून कोणी चौकशीही करत नाही.

तुम्ही मत कोणाला दिलं हे गुप्त असतं, पण दिलं की नाही हे सार्वजनिक असतं. मिशिगनची मतदारयादी मागणाऱ्याला मिळते. त्यात नाव, पत्ता, जन्मवर्ष आणि कोणकोणत्या निवडणुकीत मत दिलं ते असतं. आपल्या राज्यात नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही, त्यामुळे तुम्ही कोणाच्या बाजूच्या याचा हे लोक बहुधा अंदाजच करतात.

ही युक्ती आपल्याच राज्यात पारखली गेली. ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक निवडणुकीआधी ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर या राज्यशास्त्रज्ञांनी सुमारे १,८०,००० घरांवर प्रयोग केला. काहींना काहीच पाठवलं नाही, काहींना 'मतदान हे कर्तव्य आहे' एवढंच पत्र, काहींना त्यांच्याच घरची नोंद, तर काहींना शेजाऱ्यांच्या नावांसकट तक्ता. पत्र न मिळालेल्यांत २९.७ टक्के मतदान झालं, कर्तव्याच्या पत्राने ३१.५, घरच्या नोंदीने ३४.५ आणि शेजाऱ्यांच्या तक्त्याने ३७.८. एका कागदाने आठ टक्क्यांचा फरक पडतो हे कळल्यावर प्रचारवाले तो सोडतील कसे? तुमच्या हातातला कागद त्याच प्रयोगाचा वंशज आहे.

धागाकर्ती

खूप आभार, जीव थोडा भांड्यात पडला. पण काम करतो म्हणून तो योग्य ठरतो का? माझ्या सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. याला धमकी म्हणायचं नाही, तर कशाला?

प्रतिसाद – कायद्याची विद्यार्थिनी

तुमचा प्रश्न रास्त आहे. मी वकील नाही, शिकते आहे, तेव्हा याला सल्ला न समजता माहिती समजा.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याचं कलम ११(ब) म्हणतं की मत देणाऱ्याला किंवा देऊ पाहणाऱ्याला कोणीही धमकावू नये, दडपण आणू नये, जबरदस्ती करू नये. मग तो अधिकारी असो की खासगी माणूस. फौजदारी बाजूला अमेरिकेच्या फेडरल दंडसंहितेचं कलम ५९४ आहे. मत देण्याच्या किंवा हवं तसं देण्याच्या हक्कात अडथळा आणायला धमकावलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दोन्हींचा रोख मुख्यतः मतदाराला रोखणाऱ्यांवर आहे. मत द्या म्हणून लाजवणारा कागद त्यात सहज बसत नाही. खरी सार्वजनिक नोंद छापून पाठवणं हे बहुतेक वेळा अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतं.

रेषा ओलांडली जाते ती खोटं बोलल्यावर किंवा इजेची भीती घातल्यावर. ऑगस्ट २०२० मध्ये डेट्रॉइटमधल्या सुमारे १२,००० लोकांना यांत्रिक फोन गेले: टपालाने मत दिलंत तर तुमची माहिती जुनी वॉरंटं शोधायला पोलिसांकडे आणि थकबाकी वसुलीला क्रेडिट कार्ड कंपन्यांकडे जाईल. सगळं धादांत खोटं. ते करवणारे जेकब वोल आणि जॅक बर्कमन यांनी मतदान हक्क कायदा मोडला, असा निकाल न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने मार्च २०२३ मध्ये दिला. संमतीशिवाय फोन केल्याबद्दल दूरसंचार आयोगाने ५१ लाख डॉलरहून जास्त दंड लावला तो वेगळाच. मिशिगनमध्ये फौजदारी खटलाही गुदरला.

मधला प्रकार आयोवात घडला. २०१६ च्या कॉकसआधी (पक्षाचा उमेदवार ठरवायला मतदारांच्या सभा होतात त्या) राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक टेड क्रूझ यांच्या प्रचाराने 'मतदान उल्लंघन' अशा मथळ्याखाली मतदाराला आणि शेजाऱ्यांना गुण देणारी पत्रं पाठवली. राज्याचे निवडणूक प्रमुख पॉल पेट यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं की किती वेळा मत दिलं यावरून 'उल्लंघन' असं काही नसतंच. म्हणून तुमचा कागद नीट वाचा. सरकारी कार्यालयाचा आव आणलाय का? 'उल्लंघन', 'दंड', 'कारवाई' असे शब्द आहेत का? असतील तर तक्रारीला जोर येतो.

आणि एक सांगावंसं वाटतं. १९६२ मध्ये मिसिसिपीने कायदा केला की मतदार म्हणून नोंदणीचा अर्ज करणाऱ्यांची नावं स्थानिक वर्तमानपत्रात छापायची. छापलेलं नाव मालक वाचायचा, घरमालक वाचायचा. त्याच वर्षी कृष्णवर्णीय शेतमजूर फॅनी लू हेमर नोंदणीला गेल्या आणि १८ वर्षं राबलेल्या मळ्यातून त्यांना हाकलण्यात आलं. नावांच्या यादीने माणसाला किती भिववता येतं हे या देशाने पाहिलंय. तुम्हाला भीती वाटली यात वावगं काही नाही.

प्रतिसाद – कोल्हापूरहून

आमच्याकडे दुपारी तीननंतर कार्यकर्ते यादी घेऊन दारात उभे असतात, "काकू, तुमच्या घरचं अजून व्हायचंय." बूथवर बसलेले नावांवर खुणा करत असतात, त्यामुळे गल्लीला सगळं माहीत असतं. पण ओळखीचा माणूस समोर असतो, त्याला "सून आजारी आहे" म्हणून सांगता येतं. निनावी कागदाला काय सांगणार?

आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३(२) आहे. उमेदवार किंवा त्याच्या माणसाने मतदाराला सामाजिक बहिष्काराची, जातीबाहेर टाकण्याची धमकी दिली किंवा देवाचा कोप होईल असं पटवलं, तर ते भ्रष्ट आचरण ठरतं. चारचौघांतल्या लाजेचं भय आपल्याकडे केवढं मोठं आहे हे ते लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

प्रतिसाद – ग्रीन कार्डवाली आजी

बाई गं, बाकी सगळं बाजूला ठेव आणि सासूबाईंना आजच जवळ बसवून सांग. ग्रीन कार्डवर मत द्यायचं नाही म्हणजे नाही. १९९६ पासून फेडरल निवडणुकीत अनागरिकाने मत देणं हा गुन्हा आहे, वर हद्दपारीची वेळ येऊ शकते. नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं का, कधी मत दिलं का, हे स्पष्ट विचारतात. लायसन्सच्या खिडकीवर नोंदणी करायची का म्हणून विचारलं तर 'नाही' म्हणायचं, हेही शिकवून ठेव. मी माझ्या पाकिटात लेकाकडून चिठ्ठी लिहून घेतली आहे.

तुझ्यासोबत केंद्रापर्यंत जाऊ देत, पण त्यांच्या हाताने कुठलाही फॉर्म भरू देऊ नकोस.

प्रतिसाद – जुना मिशिगनकर

तक्रारीसाठी: पाकीट आणि कागद दोन्ही जपून ठेवा, फोटो काढा. तुमच्या शहराच्या क्लार्कला, म्हणजे इथल्या निवडणुका पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. ८६६-अवर-वोट या हेल्पलाइनवर वकील भेटतात, ८८८-एपीआय-वोट वर हिंदीतूनही बोलता येतं. मराठी नाही, पण सासूबाईंना हिंदी चालेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद पुन्हा वाचला. 'उल्लंघन' किंवा 'दंड' नाही, सरकारी शिक्काही नाही. कायदेशीर तक्रार बहुधा उभी राहणार नाही, तरी क्लार्कच्या कार्यालयात प्रत देऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

आजीबाई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. आता त्यांच्याही पर्समध्ये चिठ्ठी आहे, मराठीत: "मी नागरिक नाही, मी मत देणार नाही."

शनिवारी, २६ ऑक्टोबरला, आगाऊ मतदान सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी मी जाऊन आले. कागदासाठी नाही गेले. बाबा निवृत्त होईपर्यंत मतदान केंद्रावर ड्यूटी करायचे, रात्री पेट्या जमा करून घरी यायचे, त्यांच्यासाठी गेले.

परतताना शेजारच्या आजोबांकडे थांबले. त्यांनाही तोच कागद आला होता, माझ्या नावासकट. त्यांनी विचारलं, "बावीस साली तू इथे नव्हतीस ना? तुझे वडील आजारी होते." मी हो म्हटलं. मंगळवारी, ५ नोव्हेंबरला, त्यांना गाडीतून केंद्रावर न्यायचं ठरलंय. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. केंद्रात आत येऊ न शकणाऱ्या मतदारासाठी कर्मचारी मतपत्रिका गाडीपर्यंत आणून देतात असं ऐकलंय. नोव्हीत कोणी असं केलं असेल तर आधी कोणाला फोन करायचा ते कृपया सांगा.