महासाथीत मुलांची काळजी : पुणेकर पालकांचे अनुभव

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि महिना संपण्याआधीच टाळेबंदी लागली. मोठ्यांनी काय सोसले हे पुष्कळ बोलले गेले. मुलांच्या काळजीने पालकांचा जीव कसा टांगणीला लागला होता, हे मात्र बहुतेकांनी मनातच ठेवले. ते येथे लिहावे, ही विनंती. उपदेश नको, घडले तसे सांगावे.

कोथरूड, आई : आमच्या सहा वर्षांच्या मुलाला बाळदमा आहे. एप्रिल २०२१ मध्ये आम्हा दोघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले, तेव्हा स्वतःच्या तापापेक्षा त्याला कोठे ठेवायचे हाच प्रश्न मोठा होता. आजी-आजोबांकडे पाठवावे तर त्यांना धोका, जवळ ठेवावे तर त्याला. अखेर तो आमच्याजवळच राहिला. रात्री त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत असू. बोट गार असले किंवा झोपेत हात हलला की आकडा घसरायचा आणि पोटात गोळा यायचा. डॉक्टरांनी फोनवर समजावले, की नुसत्या आकड्याकडे पाहू नका. श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, तो खातो-खेळतो का, हेही पाहा. त्यानंतर थोडी झोप लागू लागली. तरीही, संसर्गानंतर काही आठवड्यांनी एखाद्या मुलाला ताप, पुरळ, लाल डोळे अशी गंभीर गुंतागुंत होऊ शकते हे कळल्यामुळे, मे महिनाभर माझा हात त्याच्या कपाळावरच असे.

सदाशिव पेठ, आजी : ही भीती माझ्या वाट्याला दुसऱ्यांदा आली. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तोही एक शाळकरी मुलगी. माझी धाकटी तेव्हा त्याच वयाची होती. तिला खोकला झाला म्हणून नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगेत तोंडाला रुमाल बांधून उभी होते, तेव्हा निदान शेजारची बाई धीर देत होती. २०२० मध्ये थोरली बाळंत झाली, आणि मला तिच्या घरात पाऊलही टाकता आले नाही.

हडपसर, वडील : लस आमच्या शेजारी मांजरी गावात तयार होत होती, तरी मुलांसाठी वाट पाहावी लागली. ३ जानेवारी २०२२ पासून पंधरा ते अठरा वयोगटाला लस मिळू लागली, तेव्हा थोरल्याला ती दिली. धाकटी नऊ वर्षांची असल्याने तशीच शाळेत गेली.

धायरी, परिचारिका : कोविड कक्षात काम करीत असताना चार वर्षांचा मुलगा तळेगावला आजोळी होता. पहिले काही दिवस तो व्हिडिओ कॉलवर रडत असे, नंतर फोनजवळ येईनासा झाला. त्याच्या रडण्यापेक्षा ते न येणे मला अधिक जड गेले.

टाळेबंदीत मुलांना घेऊन गावाकडे चालत निघालेल्या कष्टकरी आई-वडिलांचा एकही अनुभव अद्याप आलेला नाही. आपल्या परिचयात कोणी असल्यास त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत तो येथे लिहावा.