चादर कारखान्यावरची फिल्म: कारागीर दाखवायचाय, दिसतोय बिचारा

मागावरचा कॅमेरा
सोलापुरी चादर विणणाऱ्या यंत्रमाग कारखान्यावर चार मिनिटांचा माहितीपट एडिट करतोय. मोबाइलवर शूट, अक्कलकोट रोड एमआयडीसी. म्हणायचं एवढंच की हे कसबी काम आहे. कच्चा कट बघणारे मात्र "फार वाईट परिस्थिती आहे हो" म्हणतात. निवेदनात तसा एक शब्द नाही. शेवटी चादर हवेत उलगडून हळूहळू खाली येते, तिथे "कोण गेलं का?" असंही विचारून झालं. हा अर्थ चित्रांत येतोय कुठून? आणखी एक दिवस शूट करता येईल.

धोटा
आधी कॅमेऱ्याची उंची बघा. घड्या घालणाऱ्या, लेबल शिवणाऱ्या बायका जमिनीवर बसतात आणि शूट करणारा उभा असतो. म्हणजे प्रत्येक शॉट वरून खाली. वरून घेतलेला माणूस लहान आणि हतबल वाटतो, हे बघणाऱ्याच्या अंगवळणी पडलंय. त्यासाठी निवेदन लागतच नाही. बसलेल्या बाईसाठी लेन्स जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, उभ्या विणकरासाठी पाच फुटांवर, थोडक्यात त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवा. म्हणून एकदम खालूनही घेऊ नका, चौकातला पुतळा होतो त्याचा.

मोबाइलमधली ०.५ची वाइड लेन्स शक्यतो टाळा. तिच्यात माग अंगावर येतात आणि माणूस कोपऱ्यात जातो. 'यंत्राने गिळलेला कामगार' ही चित्रभाषा सिनेमात मूकपटांपासून रुळलेली आहे. १ किंवा २ वर ठेवा आणि दोन पावलं मागेपुढे व्हा.

प्रकाशाचंही तेच. डोक्यावरची ट्यूबलाइट डोळ्यांच्या खोबणीत सावली टाकते आणि माणूस थकलेला दिसतो. विणकर जिथे उभा आहे तिथे दार-खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल धरा. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) लॉक करा, नाहीतर दाराकडून आत वळताना एकाच शॉटमध्ये रंग बदलतो. एडिटमध्ये निळसर छटा दिली असेल तर काढून टाका.

पण खरी गोष्ट क्रमाची आहे. कसब दाखवायचं असेल तर धागा तुटल्याचा प्रसंग पकडा. बहुतेक साध्या मागांवर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. उभा तुटला तर ते विणकराच्याच नजरेला यावं लागतं. म्हणून पहिला शॉट त्याच्या डोळ्यांचा, दुसरा तुटलेल्या धाग्याचा, तिसरा गाठ मारणाऱ्या बोटांचा, चौथा पुन्हा सुरू झालेल्या मागाचा. बघणारा आपोआप जोडतो: याने पाहिलं, ओळखलं, दुरुस्त केलं. त्याच डोळ्यांनंतर पोपडे उडालेली भिंत लावली तर तोच चेहरा निराश वाटेल. रशियात कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी हेच दाखवलं: नटाचा एकच निर्विकार चेहरा, पुढे कधी सुपाचं ताट, कधी शवपेटी, आणि लोकांना त्यावर भूक किंवा दुःख दिसलं. तुमच्या कटमध्ये हातांचे क्लोजअप सुटे असणार. चेहऱ्याशी न जोडलेले हात म्हणजे नुसती मजुरी.

फ्रेमबाहेर
शेवटच्या शॉटबद्दल. चादर पांढरी आहे का?

मागावरचा कॅमेरा
हो, पांढऱ्या कापडावर मरून नक्षी. आणि खाली बासरी लावलीय.

फ्रेमबाहेर
मग प्रश्नच मिटला की हो. पांढरं कापड, आडवं पसरणं, संथ गती, बासरी. यातलं एकेक वेगळं असतं तर काही बिघडलं नसतं. चारही एकत्र आले की आपल्याकडे कफनच दिसणार. हिरवी चादर चार जणांनी चार कोपरे धरून आणली तर दर्गा आठवेल, कुणाला विणकाम आठवणार नाही. पांढरी नको, रंगीत कापडाची चादर घ्या, ती घडी होताना किंवा गठ्ठ्यावर थापटताना दाखवा, नेहमीच्या गतीत. स्लो मोशन हवंच असेल तर मागातल्या धोट्याला, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याला द्या. सेकंदाला ५० फ्रेमला घेऊन २५ वर चालवा, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून १/५० आणि १/१०० चालतात. १/६० ला चित्रावर पट्टे सरकतात. दाराशी उन्हात १/५० ठेवायला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागेल.

आवाज: मागांचा खडखडाट चारही मिनिटं सारखा ठेवला तर तो जाच वाटतो. जवळून रेकॉर्ड करताना पातळी हाताने लावा, सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर सुधारत नाही. ठोक्यावर कट मारा, मग खडखडाटाची लय होते. धागा तुटण्याच्या प्रसंगात माग थांबतो तिथे दोन सेकंद काहीच वाजवू नका. बासरी काढा.

धोटा
बासरीला माझा एवढा विरोध नाही. सुरुवातीच्या वीस सेकंदांत, सूत उलगडताना, चालून जाईल. शेवटी नको.

सात रस्ता
दोन गोष्टी राहिल्या. मागाची एक बाजू धरा आणि तिकडूनच शूट करा. पलीकडे गेलात की डावीकडे जाणारा धोटा उजवीकडे जातो आणि दोन वेगळे माग वाटतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या (उंच काठ्यांच्या) मिरवणुकीत हे हमखास होतं: रस्त्याच्या दोन्ही कडांनी घेतलेले शॉट जोडले की काठ्या परत निघाल्यासारख्या दिसतात. बाजू बदलायचीच असेल तर मधे मागाच्या टोकाकडून, अगदी धोट्याच्या वाटेच्या रेषेवरून घेतलेला एक शॉट टाका.

दुसरं, पडद्यावर माणसाची ओळख दाखवणारी पट्टी. नुसतं 'कामगार' लिहिलं तर माणूस नमुना होतो. नाव, काम आणि किती वर्षं करतोय ते लिहा, पट्टी चार-पाच सेकंद राहू द्या. मुलाखत मागांपासून लांब, कॉलर माइकवर, नजर लेन्सच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे. थेट लेन्समध्ये बघितलं की चादरीची जाहिरात वाटते. आणि सुरुवातीला तळ्यातल्या सिद्धेश्वर मंदिराचा ड्रोन शॉट असेल तर तो आधी उडवा, त्याने लोक यात्रेची फिल्म समजून बसतात.

मागावरचा कॅमेरा
आहे. उडवतो. लेबल लावणाऱ्या मावशींचे सगळे शॉट पुन्हा घेतो, स्टुलाऐवजी पाटावर बसून. धागा तुटायची वाट बघायची की विणकराला मुद्दाम तोडायला सांगायचं?

धोटा
वाट बघा. सांगून तोडला की त्याची नजर आधीच तिथे जाते, आणि पहिला शॉट तिथेच फसतो.