ब्लूटूथ स्पीकरवर आवाज मागे पडतो. टाइमलाइनवर ऑडिओ सरकवावा का?

प्रश्न (अंबाजोगाई)

नमस्कार. मी गावोगावच्या कीर्तनांचे शूटिंग करून लॅपटॉपवर एडिटिंग करतो. मागच्या कीर्तनात मृदंगावर थाप पडलेली दिसते आणि आवाज मागाहून येतो, म्हणून मी संपूर्ण ऑडिओ पाच फ्रेम अलीकडे ओढला. माझ्या ब्लूटूथ स्पीकरवर तो अगदी जुळला. मात्र महाराजांनी मोबाइलवर पाहून कळवले की, टाळ एकमेकांना लागण्याआधीच वाजतात. शिवाय निवेदनासाठी त्याच स्पीकरचा माइक निवडला की सगळा आवाज टेलिफोनसारखा होतो. दोष स्पीकरचा समजावा की सॉफ्टवेअरचा?

उत्तर १ (नांदेड)

दोष दोघांचाही नाही. ब्लूटूथवरून जाणारा आवाज आधी कॉम्प्रेस होतो, मग स्पीकरमध्ये थोडा साठून उलगडतो आणि एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज कॉम्प्रेस करण्याची नेहमीची पद्धत) या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. आपला व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल, तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आपण ओढलेल्या पाच फ्रेम २०० मिलिसेकंदांच्या झाल्या. स्पीकरचा उशीर आपण फाइलमध्ये घातला आहे! त्याच स्पीकरवर चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण बरेच प्लेअर तेवढा उशीर धरून चित्रही मागे ठेवतात. एडिटिंगच्या टाइमलाइनवर तशी सोय बहुधा नसते.

ऑडिओ मूळ जागी न्यावा, वायरचा हेडफोन लावावा आणि सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट तोच असल्याची खात्री करावी (प्रीमिअर प्रोमध्ये हे प्रेफरन्सेसमधील ऑडिओ हार्डवेअर येथे आहे). त्यानंतर कानावर विसंबू नये: वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून, ज्या फ्रेमवर दोन टाळ एकमेकांना टेकतात तिथेच उंच टोक येते का, ते डोळ्यांनी पाहावे.

माइकचे कारण निराळे आहे. तो सुरू होताच जोडणी फोन कॉलच्या प्रोफाइलवर जाते आणि आवाज मोनो होऊन ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर उतरतो. निवेदनासाठी लॅपटॉपचा माइकसुद्धा त्यापेक्षा बरा.

उत्तर २ (लातूर)

वरील उत्तर योग्यच आहे. फक्त फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे की वाढत जातो, हेही तपासावे. मी एका भारुडाच्या वेळी दोन दिवस वायरला दोष देत बसलो होतो, आणि शेवटी कळले की मोबाइलने व्हेरिएबल फ्रेमरेटने (सेकंदाच्या फ्रेम कमी-जास्त होत) शूटिंग केल्यामुळे आवाज हळूहळू सुटत चालला होता. अशी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेमरेट निवडून बदलून घ्यावी आणि मगच टाइमलाइनवर ठेवावी.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)

दोघांचेही आभार. ऑडिओ मूळ जागी नेताच मुख्य कॅमेऱ्याच्या शॉटमध्ये टाळांचे टोक नेमके फ्रेमवर आले. शेवटच्या गजरात मात्र बाजूला लावलेल्या मोबाइलच्या शॉटमध्ये तीन फ्रेमचा फरक निघाला. ती फाइल आता हँडब्रेकला लावली आहे.