राष्ट्रीय शोकानंतर क्षमेचं आवाहन: ते करायचा हक्क कुणाला?

अर्धविराम (धागाकर्ता)

एखाद्या देशावर घाला पडला की दोन-चार दिवसांत ठरलेला क्रम सुरू होतो. मेणबत्त्या लागतात, सर्वधर्मीय प्रार्थना होते आणि व्यासपीठावरून कुणीतरी भरल्या गळ्याने म्हणतं, 'आता द्वेष सोडून क्षमा करूया.' ज्याचं घर जागच्या जागी आहे त्याने हे 'करूया' कुणाच्या वतीने म्हणायचं?

१७ जून २०१५ ला अमेरिकेत चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. परका असूनही त्यांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं होतं. दोनच दिवसांनी जामिनाची सुनावणी झाली. आरोपी समोर नव्हता, तुरुंगातून पडद्यावर दिसत होता, चेहरा कोरा. नातेवाईक एकेक करून बोलायला उठले. आईला आता कधी मिठी मारता येणार नाही, कधी तिच्याशी बोलता येणार नाही, असं सांगून एका लेकीने त्याच दमात त्याला क्षमा केली. आणखीही काहींनी केली.

त्यांच्यापुढे मी काय बोलणार? माझा आक्षेप त्यानंतर जे झालं त्यावर आहे. जगभर 'क्षमेचा विजय' असे मथळे झळकले. त्याच नऊ कुटुंबांत क्षमा न केलेलीही माणसं होती, ती बातमीत मावली नाहीत. त्या बंदुकीच्या विक्रीआधीची तपासणी तीन दिवसांत पुरी झाली नाही म्हणून कायद्यातल्या पळवाटेने ती त्याच्या हाती पडली, हेही मागे पडलं. बघणाऱ्यांना हायसं वाटलं, विषय संपला.

क्षमा ज्याचं त्याने करायची गोष्ट आहे. राष्ट्राने सत्य शोधावं, न्याय करावा, भरपाई द्यावी. क्षमा वाटायचा अधिकार ना मंत्र्याला, ना धर्मगुरूला, ना आपल्याला.

---

वाटसरू

तीव्र असहमत. ते आवाहन दुखावलेल्या घरासाठी असतं असं तुम्ही धरून चालला आहात. ते बाकीच्यांसाठी असतं! हत्याकांडानंतर तिसऱ्या दिवशी रस्त्यावर उतरणारा जमाव बहुधा मृतांच्या नातेवाइकांचा नसतोच. ते बिचारे रुग्णालयात नाहीतर शवागाराबाहेर असतात. दगड हातात घेतो तो ज्याचं काहीच गेलं नाही तो, आणि मारला जातो तो ज्याचा काहीच संबंध नाही असा, फक्त नाव किंवा पेहराव गुन्हेगारासारखा म्हणून. त्या क्षणी व्यासपीठावरून कुणी 'न्याय, सत्य, भरपाई' म्हणालं तर जमावाला त्यातला 'न्याय' तेवढाच ऐकू येतो, आणि तोही सोयीचा.

दक्षिण आफ्रिकेकडे बघा. वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांचं सत्य नोंदवायला १९९५ च्या कायद्याने सत्य व सलोखा आयोग नेमला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू. एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात पहिल्या सुनावण्या झाल्या. छळ सोसलेल्या, चाकांच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्याची साक्ष ऐकताना टूटूंनी टेबलावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडले. अध्यक्षाने, सगळ्यांसमोर. त्या माणसामागे श्रद्धा नसती तर तो देश यादवी युद्धात गेला नसता कशावरून? एकेका कुटुंबाच्या परवानगीची वाट बघायला तिथे वेळ नव्हता.

---

निवडुंग

टूटूंचे अश्रू सगळ्यांना पाठ असतात, कायदा कुणी वाचत नाही. त्या कायद्याखाली माफी मिळवायला दोन मुख्य अटी होत्या: गुन्हा राजकीय हेतूने केलेला असावा आणि सगळी माहिती खरी सांगावी. पश्चात्तापाची अट नव्हती. 'मला वाईट वाटतं' एवढंही म्हणायची सक्ती नव्हती. सात हजारांवर अर्ज आले, त्यातले ८४९ मंजूर झाले. म्हणजे ज्याला आपण क्षमेचं मंदिर समजतो तो व्यवहार होता: माहिती द्या, खटला टाळा. व्यवहार म्हणून तो कदाचित शहाणपणाचा असेल. पण मग त्याला आध्यात्मिक झूल कशाला?

वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मारले गेले. त्यांच्या कुटुंबाला हा व्यवहार मान्य नव्हता. इतरांबरोबर ते १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयात गेले आणि हरले. कुटुंबाचा दाद मागायचा हक्क हिरावला जातो हे न्यायालयाने नाकारलं नाही, पण राष्ट्राच्या सलोख्यासाठी ते चालेल असं ठरवलं. (पुढे १९९९ मध्ये त्या पोलिसांना आयोगानेच माफी नाकारली. पण खटला उभा राहिलाच नाही.)

आणि भरपाई? आयोगाने सहा वर्षं दर वर्षी रक्कम द्यावी असं सुचवलं होतं. सरकारने २००३ मध्ये एकदाच ३० हजार रँड देऊन हात झटकले. माफी न मिळालेल्यांची तीनशेहून अधिक प्रकरणं खटल्यांसाठी सोपवली होती, त्यातली बहुतेक धूळ खात पडली. ते खटले कुणी दाबले का, हे शोधायला २०२५ मध्ये नवा चौकशी आयोग नेमावा लागला. पीडितांनी आपला वाटा तेव्हाच दिला, राज्याचा वाटा तीस वर्षं उधार.

---

वाटसरू

@निवडुंग, आकडे मान्य. पण यादवी झाली नाही, याची किंमत कोणत्या रकान्यात धरणार?

---

तिरकस

ती किंमत बिकोंच्या घराने भरली, असं ते सांगताहेत.

---

दिठी

धागा 'धर्म क्षमा सांगतो, न्याय राज्य सांगतं' अशा वाटणीकडे चालला आहे म्हणून लिहिते. धर्म इतके भोळे नाहीत.

ज्यू परंपरेत प्रायश्चित्ताच्या दिवशी देव स्वतःविरुद्धची पापं माफ करतो. पण माणसाने माणसाविरुद्ध केलेलं पाप, त्या माणसाचं समाधान केल्याशिवाय तो दिवसही धुऊन काढत नाही. खुनाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो बघा, समाधान करायला तो माणूसच उरलेला नाही. कुराणात खुनाचा समान बदला मागायचा हक्क मृताच्या वारसांना आहे आणि सोडून द्यायचाही त्यांनाच, सोडलं तर ते श्रेष्ठ. वैराने वैर शमत नाही हे बुद्धवचन वैराबद्दल आहे, चौकशीबद्दल नाही. 'वैर धरू नका' आणि 'खटला मागे घ्या' ही एकच गोष्ट असल्यासारखं आपण बोलतो, ती नाही.

आपल्याकडे तर एकाच घटनेच्या दोन कथा आहेत. अश्वत्थाम्याने रात्री झोपेत द्रौपदीची पाचही मुलं मारली. महाभारताच्या सौप्तिकपर्वात ती अन्नपाणी सोडून बसते आणि त्याच्या शिक्षेचा हट्ट धरते. शेवटी त्याच्या मस्तकावरचा मणी आणून दाखवल्यावरच उठते. भागवतात तोच अश्वत्थामा बांधून तिच्यापुढे आणला जातो, तेव्हा ती म्हणते, सोडा त्याला, मी रडते आहे तशी त्याची आई रडायला नको. परंपरेने दोन्ही द्रौपदी सांभाळून ठेवल्या, एकीला खोटी ठरवून दुसरी निवडली नाही. आणि भागवतातल्या द्रौपदीला 'आता क्षमा कर' असं सांगणारा तिथे कुणी नाही. उलट भीम मारायच्या बाजूचा. ती जे म्हणते ते सभेला धक्का देऊन म्हणते. आजच्या प्रार्थनासभेत क्षमा हे सभेला हवं असलेलंच उत्तर असतं.

---

भालदार

इतकं बौद्धिक घेण्यापेक्षा सरळ सांगतो. क्षमा हे दुबळ्यांचं दुकान आहे. मारणाऱ्याला दहशत बसली पाहिजे. पुढचा हल्ला टळतो तो त्यानेच.

---

अर्धविराम

@भालदार, मरायलाच आलेल्याला कसली दहशत? आणि माझ्या धाग्याचा असा अर्थ काढू नका. मी कुणाला बदल्याची सुपारी दिलेली नाही. नॉर्वेत २२ जुलै २०११ ला ७७ माणसं मारली गेली, त्यातली बहुसंख्य तरुण पोरं. तिथे लाखो लोक हातात गुलाब घेऊन रस्त्यावर आले, पंतप्रधानांनी उत्तर म्हणून अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा मागितला. सोबत भाबडेपणा नको, हेही ते बोलले. मारेकऱ्यावर रीतसर खटला चालला आणि त्यांच्या कायद्यातली कमाल शिक्षा झाली. 'पोलीस उशिरा का पोचले' याची चौकशी होऊन अहवालात सरकारचे वाभाडे निघाले. हे मला हवं आहे.

---

सांजवेळ

सहसा फक्त वाचते. आमच्या घरातलं माणूस अशाच एका घटनेत गेलं, कुठल्या ते सांगणार नाही.

ओळख पटवायच्या रांगेत उभे होतो. हातात कागद, त्यावर क्रमांक. तेवढ्यात एकाने माइक पुढे करून विचारलं, 'ज्यांनी हे केलं त्यांना तुम्ही काय सांगाल?' माझ्या भावाने काहीतरी शांत, चांगलं सांगितलं. संध्याकाळभर ते वाक्य सगळीकडे फिरत होतं. मग पुढची कितीतरी वर्षं त्याला रागवायची सोयच राहिली नाही. कुठे चिडून बोलला की लोक म्हणायचे, 'तुम्ही तर तेव्हा किती मोठ्या मनाने...'

पण अर्धविराम, तुमच्या बाजूचे लोकही मी पाहिले आहेत. त्यांना आमचा राग हवा असतो. मंचावर बसवतात, फोटो हातात देतात, आणि मी 'फाशी द्या' म्हणाले नाही की त्यांचा चेहरा उतरतो. क्षमा करा म्हणणारे निदान खालच्या आवाजात बोलतात, इतकाच फरक.

श्रद्धेचं म्हणाल तर माझी गेली नाही. प्रार्थना करते, फक्त काही मागत नाही. क्षमा केली का, हे मला सांगता येणार नाही. त्या माणसाचा विचार दिवसातून किती वेळा येतो हे मोजायचं मी सोडून दिलं आहे. शिक्षा व्हावी असं वाटतं का? हो, पूर्ण व्हावी. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

---

निवडुंग

@सांजवेळ, लिहिलंत, आभार.

श्रद्धेवरून एक राहिलं. रवांडात १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. न्यामाता, न्तारामा इथे लोक चर्चमध्ये आसऱ्याला गेले आणि तिथेच कापले गेले. काही पाद्री मारेकऱ्यांना सामील होते. पोपनी चर्चच्या वतीने देवाकडे क्षमायाचना केली ती मार्च २०१७ मध्ये. नंतर गावोगावच्या गचाचा न्यायसभांत कबुली दिली की शिक्षा कमी व्हायची, त्यामुळे कुणाची कबुली मनापासून आणि कुणाची हिशेबी हे ओळखणं कठीण. आणि सुटलेला माणूस शेजारीच राहायला येणार. तिथे 'केली क्षमा' म्हणण्यावाचून घरची माणसं गमावलेल्या बाईला दुसरा पर्याय काय होता?

---

वाटसरू

पर्याय नव्हता, बरोबर. पण दुसऱ्या दिवशी तिला त्याच विहिरीवर जायचं होतं. तुम्ही तिला न्याय द्याल, मान्य. रोज समोर दिसणाऱ्या त्या माणसाकडे बघायचं कसं, हे कोणतं न्यायालय सांगणार? तिथे श्रद्धाच लागते, खोटी का असेना आधी.

सांजवेळ यांचं वाचून एक बदल सुचवतो. घरच्यांना काही विचारू नये, त्यांच्या वतीने काही जाहीर करू नये. जमावाला मात्र आवरलंच पाहिजे, त्यासाठी धर्मगुरू बोलले तर मी त्यांना गप्प करणार नाही. त्यांनी 'क्षमा' न म्हणता 'शेजाऱ्याला हात लावू नका' म्हणावं.

---

अर्धविराम

एवढ्याला माझी हरकत नाही. मात्र शेजाऱ्याला हात लावू नका हे मंत्र्यानेही म्हणायचं, पहिल्याच दिवशी, आणि चौकशीची तारीखही त्याच भाषणात सांगायची. तारीख नसेल तर मी त्या प्रार्थनासभेला जाणार नाही.

---

तिरकस

मंत्री तारीख देतील. पुढची तारीख मागायला तुम्हालाच जावं लागेल.